वृद्धांच्या फुफ्फुसाचे धुवण : अपेक्षा, उपयोग आणि मर्यादा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत छातीविकार विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक सभेत विभागाचा आढावा आकडेवारीनिशी सादर करावा, असा प्रघात आहे. ती आकडेवारी अहवालात अन्यत्र दिलेली असल्याने तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्याऐवजी दोन प्रश्नांविषयी बोलावे असे आम्ही ठरविले आहे. पहिला प्रश्न अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलामुलींचा. "डॉक्टर, बाबांच्या छातीत कफ भरलाय. दुर्बीण घालून एकदा छाती धुऊन काढा ना, त्यांना मोकळं वाटेल." दुसरा प्रश्न आपल्यासारख्या दात्यांचा. "तुमच्या विभागाला आणखी एक दुर्बीण दिली तर चालेल का?" दोन्ही प्रश्नांमागे आपुलकी आहे. परंतु दोहोंची उत्तरे 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाहीत, आणि ती कॉरिडॉरमध्ये घाईघाईने द्यावी लागतात ही आमची नेहमीची खंत आहे.

वृद्धांचा न्यूमोनिया ओळखणेच मुळात अवघड असते. तरुण माणसाला थंडी वाजून ताप येतो, छातीत कळ येते, खोकला अनावर होतो, आणि तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतो. ऐंशीच्या घरातील आजींना ताप येईलच असे नाही. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, काल न्हाणीघरात तोल जाऊन पडल्या, आज सकाळी मुलाला स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली, एवढेच घरच्यांना दिसते. "वय झालं, असंच चालायचं" असे म्हणण्यात दोन-तीन दिवस निघून जातात. एकेकाळी वैद्यकातही न्यूमोनियाला म्हाताऱ्यांचा मित्र म्हणण्याची रीत होती. शांतपणे येतो आणि सोडवितो, या अर्थाने. ज्यांनी धाप लागलेल्या वृद्धाच्या उशाशी रात्र काढली आहे, ते या मैत्रीवर फारसा विश्वास ठेवणार नाहीत. घरी एक गोष्ट मात्र कोणालाही करता येते. आजी-आजोबा स्वस्थ पडलेले असताना घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजावेत. ते २५ च्या पुढे जात असतील, तर ताप असो वा नसो, त्यांना त्याच दिवशी दाखवावे.

वृद्धांनाच हा आजार इतका जड का जातो, याची कारणे शरीराच्या रचनेत आहेत. वयोमानाने पाठ वाकते, बरगड्या ताठरतात, आणि खोकल्याचा जोर कमी होतो. श्वासनलिकांच्या आतील बाजूस असलेली सूक्ष्म केसांची झालर कफ वर ढकलीत असते; तिची गती मंदावते. अनेक वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या अथवा विडी ओढणाऱ्या व्यक्तींच्या नलिका आधीच दुखावलेल्या असतात. मधुमेह जंतूंशी लढण्याची शक्ती घटवितो. शिवाय गिळण्याची क्रिया बिघडते, आणि ही बाब घराघरांत दुर्लक्षिली जाते. अर्धांगवायू, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या घशातून पाण्याचा घोट, पेजेचा कण, झोपेत तोंडातील लाळसुद्धा चुकून श्वासनलिकेत उतरते, आणि ठसका लागत नसल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. तोंड अस्वच्छ असेल, कवळी रात्रंदिवस तशीच असेल, तर त्या लाळेबरोबर जंतूंचा भार खाली जातो. जपानमधील वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जेवणानंतर दात, हिरड्या व जीभ नियमाने स्वच्छ करणाऱ्या गटात न्यूमोनिया कमी आढळला. दात घासण्याचा ब्रश हेही छातीच्या आजाराचे एक साधन आहे, हे आम्ही या सभेत मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या यंत्राविषयी बोलणार आहोत ते त्याहून पुष्कळ महाग आहे.

आता दुर्बिणीकडे वळू. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड एका ताठ नळीतून काढले. श्वासनलिकेच्या दुर्बिणीचा इतिहास तेथून मोजला जातो. ती नळी सरळ आणि कडक होती. वळणारी, काचतंतूंची दुर्बीण आली ती टोकियोच्या शिगेटो इकेदा यांच्यामुळे, १९६६ साली. तिच्यामुळे जाग्या रुग्णाच्या फुफ्फुसाच्या उपशाखांपर्यंत पोहोचणे शक्य झाले. फुफ्फुसात मिठाचे पाणी सोडून, ते परत ओढून, त्यात कोणत्या पेशी व कोणती प्रथिने सापडतात हे अभ्यासण्याची पद्धत रेनॉल्ड्स आणि न्यूबॉल या अमेरिकन संशोधकांनी १९७४ साली मांडली. आज आपण जिला 'लॅव्हाज' किंवा 'बी.ए.एल.' म्हणतो ती हीच. तिचा जन्म तपासणीसाठी झाला, हे ध्यानी ठेवावे.

प्रत्यक्षात काय केले जाते, हे तपशिलाने सांगतो, कारण संमतीपत्रावर सही करणाऱ्यास ते ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे. रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात. नाक व घसा औषधाने बधिर करतात. गुंगीचे औषध वृद्धांना अगदी बेताने देतात, अनेकदा देतही नाहीत. नाकातून अथवा तोंडातून पाच-सहा मिलिमीटर जाडीची मऊ नळी आत जाते. व्हेंटिलेटरवरील रुग्णात ती श्वासाच्या नळीतूनच जाते. रुग्णाला त्या वेळी गुदमरल्यासारखे वाटते, खोकला येतो. वेदना मात्र सहसा होत नाहीत. फुफ्फुसाचे अठरा-वीस उपखंड असतात. एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅनवर ज्या उपखंडात दोष दिसतो, त्याच्या नळीत दुर्बिणीचे टोक बूच बसवावे तसे अलगद बसवितात. मग निर्जंतुक सलाइन २० ते ६० मिलिलिटरच्या हप्त्यांनी, एकूण साधारण १०० ते ३०० मिलिलिटर, आत सोडतात आणि हलक्या ओढीने परत घेतात. सोडलेल्या पाण्यापैकी निदान तिसरा हिस्सा परत यावा अशी अपेक्षा असते. वृद्धांच्या सैल पडलेल्या फुफ्फुसातून पुष्कळदा तेवढाही येत नाही. सारा प्रकार अनुभवी हातांत काही मिनिटांचा आहे.

परत आलेले पाणी गढूळ असते. आपल्या आयाबहिणींना तांदळाचे धुवण ठाऊक आहे. दिसायला ते तसेच असते, आणि म्हणूनच आम्ही विभागात त्यास 'धुवण' म्हणतो. तांदूळ धुतल्याने भांड्यातील सारा तांदूळ काही वाहून जात नाही. त्यात कोंडा होता की खडे, हे मात्र धुवणावरून कळते. फुफ्फुसाचेही तसेच. एका उपखंडात दीड पेला पाणी फिरविल्याने दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया धुऊन निघत नाही. उलट आत राहिलेले पाणी शोषले जाईपर्यंत काही तास रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे खालीच जाते, आणि काही रुग्णांना त्या रात्री ताप भरतो. 'धुतले म्हणजे स्वच्छ झाले' ही घरगुती समजूत येथे लागू पडत नाही, हे नातेवाइकांना समजावणे हा आमच्या कामातील कठीण भाग आहे. संपूर्ण फुफ्फुस अनेक लिटर सलाइनने धुण्याची एक शस्त्रक्रियेसारखी पद्धत आहे खरी. ती पूर्ण भूल देऊन, एका वेळी एकच फुफ्फुस बंद ठेवून, वायुकोशांत प्रथिनयुक्त द्रव साचण्याच्या एका विरळ विकारासाठी करतात. न्यूमोनियाशी तिचा संबंध नाही.

मग दुर्बिणीने उपचार होतच नाही काय? एका परिस्थितीत होतो, आणि तेव्हा तो डोळ्यांना दिसावा इतका चटकन होतो. घट्ट, रबरासारख्या कफाचा गोळा मुख्य नळीत बसला, की त्यापुढचा फुफ्फुसाचा खंड हवेविना मिटतो आणि एक्स-रेवर तो भाग एकदम पांढरा दिसतो. वाफारा, नेब्युलायझर, पाठीवर थोपटणे, कूस बदलणे आणि भौतिकोपचार करूनही गोळा हलला नाही, तर दुर्बिणीतून सलाइन मारून तो सैल करून ओढून काढता येतो. कधी तो गोळा कफाचा नसून सुपारीचे खांड किंवा कवळीचा तुकडा निघतो. गिळताना चुकून गेलेला असतो, आणि आजोबांना कधी गेला ते आठवतही नसते. कधी वारंवार त्याच ठिकाणी होणाऱ्या न्यूमोनियाच्या मुळाशी नळीतली गाठ सापडते. परंतु ही कामे नळीतील अडथळ्याची आहेत. वायुकोशांत भरलेला न्यूमोनिया ओसरतो तो योग्य औषधाने, प्राणवायूने, पोषणाने आणि वेळेने.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. न्यूमोनिया होऊन आलेल्या बहुतेक वृद्धांना दुर्बिणीची गरज पडत नाही. त्यांना पहिल्या काही तासांत प्रतिजैविकाचा पहिला डोस मिळणे, प्राणवायू मिळणे, उशाकडची बाजू उंच करून बसते करणे, आणि जमेल तितक्या लवकर खुर्चीत उतरविणे, यांनीच ते बरे होतात. दुर्बिणीचा विचार येतो तो पुढे. योग्य वाटणाऱ्या औषधांनी तीन-चार दिवसांत उतार पडला नाही. रुग्ण स्टेरॉइड किंवा कर्करोगाच्या औषधांवर असल्याने नेहमीपेक्षा निराळ्या जंतूंची शंका आली. अथवा बेडका पडतच नाही आणि क्षयरोग आहे की नाही ठरत नाही.

शेवटच्या मुद्द्यावर क्षणभर थांबतो. आपल्याकडे वृद्धांमधील क्षयरोग न्यूमोनियाच्या वेशात येतो. त्यांना तपासणीपुरता बेडका काढता येत नाही, वजन घटणे वयाच्या खात्यावर जमा होते, आणि बाहेर कुठेतरी लेव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक सुरू झालेले असते. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही अंशतः चालते. त्यामुळे आठ दिवस बरे वाटते, निदान लांबते, आणि आजार पुन्हा उसळतो. अशा वेळी धुवण फार मोलाचे ठरते. ते सी.बी.नॅट यंत्रात घातले असता सुमारे दोन तासांत क्षयजंतूंचा आणि रिफाम्पिसिन या औषधाला ते जुमानत नाहीत काय याचाही उलगडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने या यंत्रास २०१० साली मान्यता दिली. गोव्यातील कंपनीचे, बॅटरीवरही चालणारे ट्रूनॅट हे आपल्या देशात घडलेले यंत्रही २०२० पासून त्या मान्यतेच्या यादीत आहे. निदान झाल्यावर राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून औषधे विनामूल्य मिळतात. एका दुर्बीण तपासणीने आजोबांची महागडी इंजेक्शने थांबली आणि सरकारी गोळ्या सुरू झाल्या, असा प्रसंग आमच्या विभागाला अपरिचित नाही. आजोबांच्या शेजारी झोपणाऱ्या नातवंडांची तपासणी होते, हा त्याचा आणखी एक लाभ.

बुरशीजन्य आजारांबाबतही असेच. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिस हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. तेव्हा लोकांनी ती डोळ्यांची आणि जबड्याची व्याधी म्हणून पाहिली. परंतु अनियंत्रित मधुमेह असलेल्यांच्या फुफ्फुसातही ती उतरते. तिच्यावर आणि अॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर नेहमीची प्रतिजैविके कितीही बदलून दिली तरी उपयोग नसतो. धुवणातील सूक्ष्मदर्शक तपासणीने औषधाची दिशाच बदलते.

आता थोडे अभ्यासांविषयी, कारण सभागृहात बसलेले काही सुशिक्षित नातेवाईक संगणकावर वाचून आम्हांला विचारतात, आणि ते त्यांनी विचारावे. व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनिया झाल्याची शंका आलेल्या रुग्णांवर दोन मोठे अभ्यास झाले. फ्रान्समधील ३१ अतिदक्षता विभागांतील ४१३ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीतून नमुना घेऊन जंतूंची मोजणी करणाऱ्या गटात पहिल्या १४ दिवसांतील मृत्यू कमी होते आणि प्रतिजैविकेही कमी लागली. २००६ साली कॅनडा व अमेरिकेतील २८ विभागांतील ७४० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात धुवण तपासलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १८.९ टक्के, तर श्वासाच्या नळीतून साध्या सक्शनने घेतलेला कफ तपासलेल्या गटात १८.४ टक्के होते. म्हणजे व्यवहारात काहीच फरक नाही. जाणकारांच्या संस्थांचेही एकमत नाही. अमेरिकेतील २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे साध्या नमुन्याकडे झुकतात, तर युरोपातील २०१७ ची खोलवरच्या, मोजणी करता येणाऱ्या नमुन्याकडे.

यावर आमचे मत असे. कॅनडाच्या अभ्यासातून स्यूडोमोनास व एम.आर.एस.ए. हे चिवट जंतू अंगावर असल्याचे आधीच ठाऊक असलेले रुग्ण वगळले होते. आपल्याकडील अतिदक्षता विभागांत चिवट जंतू हाच तर नित्याचा प्रश्न आहे. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा आम्ही उचलीत नाही. पण त्यातला धडा घेतो. साध्या नमुन्यावर भागत असेल तर वृद्धाच्या नरड्यात दुर्बीण घालू नये. आणि घातली, तर येणाऱ्या उत्तराने औषधात काही बदल करण्याची तयारी असावी. धुवणाच्या एका मिलिलिटरमध्ये जंतूंची संख्या साधारण १०,००० च्या वर असेल तर खरा संसर्ग मानतात. ती त्याखाली आली आणि रुग्ण स्थिर असेल, तर प्रतिजैविक कमी करण्याचे किंवा बंद करण्याचे धैर्य डॉक्टरांपाशी हवे. उत्तर काहीही आले तरी तीच तीन इंजेक्शने चालू ठेवायची असतील, तर ती तपासणी रुग्णाला दिलेला केवळ त्रास ठरतो.

आणि त्रास आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. भरपूर प्राणवायू देऊनही ज्याची पातळी काठावर आहे, त्याची अवस्था लॅव्हाजनंतर खालावून व्हेंटिलेटरची गरज पडू शकते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल, तर आम्ही थांबतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांची माहिती म्हणूनच आधी विचारतो. केवळ धुवण घ्यावयाचे असेल तर अॅस्पिरिन सहसा बंद करावे लागत नाही. तुकडा काढावयाचा असेल तर इतर औषधांचा विचार करावा लागतो. नुसते वय मात्र आम्ही आड येऊ देत नाही. पंच्याऐंशीच्या वर्षी रोज देवळापर्यंत चालत जाणारे आजोबा आणि सत्तराव्या वर्षी दोन वर्षे अंथरुणाला खिळलेले आजोबा, यांत दुर्बीण पहिल्यांना अधिक मानवते.

याच ठिकाणी तो प्रश्न येतो, ज्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दुर्बिणीनंतर व्हेंटिलेटर लागला तर लावायचा काय? मुलगा म्हणतो, "पैशाचं बघू नका, सगळं करा." मुलगी म्हणते, "आईला आता आणखी नळ्या नकोत." परदेशातील भाऊ दूरध्वनीवरून तिसरेच सांगतो. आणि पलंगावर आई जागी असते, तिला ऐकू येत असते, तिला कोणी विचारलेले नसते. आमचा आग्रह असा की, जी व्यक्ती बोलू शकते, निर्णय समजू शकते, तिला तिच्या भाषेत सांगून तिची संमती प्रथम घ्यावी. "त्यांना काही सांगू नका, त्या घाबरतील" ही विनंती आम्ही रोज ऐकतो आणि शक्य तेथे नम्रपणे नाकारतो. पुष्कळदा आजींचे उत्तर सगळ्यांहून स्पष्ट असते. तपासणी करा, पण यंत्रावर ठेवू नका. असे त्या सांगू शकतात आणि तसे नोंदवूनही ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने अशा पूर्वसूचनेस मान्यता दिली असून, जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत पुष्कळ सोपी केली आहे. ज्यांच्या घरी दीर्घ आजारी वृद्ध आहेत, त्यांनी हे बोलणे घरी, चहाच्या वेळी करावे; अतिदक्षता विभागाच्या दारात ते नीट होत नाही.

आता दात्यांच्या प्रश्नाकडे येतो. दुर्बीण एकाच्या फुफ्फुसातून निघते ती दुसऱ्याच्या फुफ्फुसात जाते. मध्ये काय घडते, यावर सारे अवलंबून आहे. वापर संपताच, कफ वाळण्याआधी, तिच्या आतील बारीक मार्गातून द्रावण ओढतात. गळती आहे काय हे पाण्यात बुडवून पाहतात. मार्गात ब्रश फिरवितात. मग ठराविक तीव्रतेच्या जंतुनाशकात ठराविक मिनिटे, घड्याळ लावून, बुडवितात. स्वच्छ पाण्याने धुतात, अल्कोहोल सोडतात, हवेने कोरडी करतात आणि टांगून ठेवतात. यातील एकही पायरी गाळून चालत नाही, आणि सर्वांत अधिक गाळली जाते ती कोरडे करण्याची. ओलाव्यात स्यूडोमोनास जंतू सुखाने वाढतो. दुर्बिणीच्या एका सैल झाकणाखाली तो लपून राहिल्याने अमेरिकेत अनेक रुग्णांपर्यंत पोहोचल्याच्या घटना २००३ साली वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविल्या गेल्या. तेथे धुण्याचे नियम पाळले जात असतानाही हे घडले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली संसर्गाचा धोका अधिक असेल तेथे एकदाच वापरून टाकून देण्याच्या दुर्बिणी वापरण्याची शिफारस केली. धर्मादाय रुग्णालयास त्या प्रत्येक रुग्णासाठी परवडणे कठीण. क्षयाची शंका असलेल्या किंवा अति चिवट जंतूंच्या रुग्णासाठी काही संचात ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते.

म्हणून आमची विनंती अशी. दुसरी दुर्बीण हवी आहे. दोन असल्या म्हणजे पहिली घाईने धुऊन पुढच्या रुग्णाकडे न्यावी लागत नाही. परंतु तिच्याबरोबर वाळवण्याचे कपाट द्यावे आणि ती धुणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या पाच वर्षांच्या वेतनाची तरतूद द्यावी. तंत्रज्ञाच्या पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्हांला कळते. त्याचप्रमाणे प्रयोगशाळेविषयी. धुवण काढल्यापासून लवकरात लवकर, तासाभरात, तपासणीस लागावे लागते. शनिवारी दुपारी काढलेले धुवण सोमवारी पाहिले, तर दुर्बीण कितीही नवी असो, उत्तर शिळे असते. रविवारीही सूक्ष्मजीवशास्त्र विभाग चालू राहील इतके मनुष्यबळ, आणि संध्याकाळच्या पाळीत एक भौतिकोपचारतज्ज्ञ, या दोन गोष्टींनी किती वृद्धांना दुर्बिणीची गरजच पडणार नाही, हे विश्वस्त मंडळाने अवश्य लक्षात घ्यावे.

निर्धन रुग्णांविषयी एक खुलासा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली आखून दिलेल्या योजनेप्रमाणे राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. दुर्बीण तपासणी व धुवणाच्या चाचण्या त्या निधीतून होऊ शकतात. कागदपत्रे नंतर आणली तरी चालतात. तातडीच्या रुग्णासाठी कोणीही आधी दाखल्याची वाट पाहू नये. समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलाशी चौकशी करावी.

नातेवाइकांसाठी शेवटची थोडी व्यावहारिक सूचना. वृद्धास दाखल करताना चालू औषधांची पाकिटे, जुने एक्स-रे आणि आधीच्या क्षयोपचाराचे कागद असतील तर तेही सोबत आणावेत. जुन्या एक्स-रेमुळे कित्येकदा दुर्बीण टळते. कवळी, चष्मा आणि कानाचे यंत्र घरी ठेवून येऊ नये. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, त्याची संमती घेणार कशी? दुर्बिणीनंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन तास, पाण्याचा थेंबही देऊ नये, मग तहान लागली म्हणून त्यांनी कितीही विनविले तरी. त्यानंतर प्रथम एक घोट पाणी, बसवून, सिस्टरांच्या समोर. आणि इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकस यांच्या लशींविषयी बाह्यरुग्ण विभागात अवश्य विचारावे.

संमतीपत्राचा सोप्या मराठीतील मसुदा विभागाने तयार केला असून तो सभागृहाबाहेरील मेजावर ठेवला आहे. ज्यांनी पूर्वी अशी संमती दिली आहे त्यांनी तो वाचून, जे वाक्य कळले नाही त्याखाली रेघ ओढून परत द्यावा, ही विनंती.